दुखण्यावर ताटातला उतारा: किती खरा, किती फुगवलेला?

(आजच्या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे, फक्त दोन ठिकाणी झालेली पुनरुक्ती काढली आहे.)

आजचा विषय घरोघरचा आहे. आपल्या धाराशिव जिल्ह्यात कुठल्याही गावात चार बायका एकत्र बसल्या की दहा मिनिटांत विषय कुठं जातो? "कंबर लई दुखायली", "गुडघे धरल्यात", "सकाळी उठलं की बोटं वळंनात". आणि त्यापाठोपाठ उपाय. कुणी म्हणतं वांगं बंद कर, कुणी म्हणतं हळदीचं दूध घे, कुणी मोबाईल काढून दाखवतं की बघ, 'अँटी-इन्फ्लमेटरी डाएट' केलं की दुखणं जातं. त्या व्हिडिओत काय असतं? ब्लूबेरी, सामन मासा, ऑलिव्ह तेल. आता कळंबच्या किंवा परंड्याच्या बाजारात सामन मासा कुठून आणायचा?

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळं हा प्रश्न मला वारंवार येतो. म्हणून आज नीट बोलू. खाण्यानं दुखणं कमी होतं का? होत असेल तर किती? आणि त्यासाठी आपल्या ताटात काय हवं?

दाह म्हणजे काय

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते, ठणकते. याला दाह म्हणायचं, डॉक्टर 'इन्फ्लमेशन' म्हणतात. हा दाह आपल्या भल्याचा असतो. शरीर तिथं संरक्षणाला माणसं पाठवतं, काम झालं की ती परत जातात. चार दिवसांत सगळं शांत.

अडचण दुसऱ्या प्रकारच्या दाहाची आहे. तो मंद असतो, राखेखाली निखारा धुमसावा तसा. सूज दिसत नाही, ताप नाही, पण रक्तात दाहाची रसायनं थोडी थोडी वाढलेली राहतात. सीआरपी नावाची रक्ततपासणी तुम्ही ऐकली असेल, ती याचाच अंदाज देते. पोटावरची जास्तीची चरबी, साखरेचा आजार, तंबाखू, अपुरी झोप, सततचा ताण, दातांची कीड आणि रोजचं खाणं, ही सगळी या निखाऱ्याला वारा घालतात. हा दाह सांध्याचं दुखणं वाढवतो, आणि त्याचा संबंध हृदयविकाराशी आणि मधुमेहाशीही आहे.

आता दुखण्याची गोळी काय करते? दाहाचं एक रसायन तयार होणं ती काही तासांपुरतं थांबवते. म्हणून पटकन बरं वाटतं. आहार असं काही करत नाही. तो वारा कमी करतो, तोही आठवड्या-महिन्यांच्या हिशेबानं. ज्यांना आज रात्री झोप हवी आहे, त्यांना आजच्या भाकरीनं ती मिळणार नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं निराशा नको.

पुरावा काय सांगतो

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात गुडघेदुखी असलेल्या, वजन जास्त असलेल्या 454 लोकांवर दीड वर्ष एक अभ्यास झाला. 2013 मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका गटानं फक्त आहार बदलला, एकानं फक्त व्यायाम केला, एकानं दोन्ही. दोन्ही करणाऱ्यांचं वजन सरासरी दहा टक्क्यांहून थोडं जास्त उतरलं आणि दुखणं जवळपास निम्म्यावर आलं. ज्या दोन गटांत आहार बदलला होता, त्यांच्या रक्तातलं दाहाचं एक रसायनही फक्त व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त घटलं. त्याच संशोधकांच्या आधीच्या मोजणीनुसार एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं कमी होतो. दिवसाची पावलं मोजा म्हणजे हिशेब कळेल.

स्वीडनमध्ये 2003 साली आमवाताच्या 51 रुग्णांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. आमवात म्हणजे इथं मी रूमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणते आहे. ज्यांनी भाज्या, डाळी, फळं, मासे असं भूमध्य सागराकडचं जेवण घेतलं, त्यांचा आजार थोडा निवळला. हा 'थोडा' शब्द महत्त्वाचा आहे. त्यांची औषधं चालूच होती.

तिसरी गोष्ट तंतूंची, म्हणजे अन्नातल्या चोथ्याची. अमेरिकेतल्या दोन मोठ्या पाहण्यांत, 2017 मध्ये, असं दिसलं की ज्यांच्या जेवणात तंतू जास्त, त्यांच्यात पुढं गुडघेदुखीचा त्रास कमी. एकामुळंच दुसरं झालं हे त्यानं सिद्ध होत नाही. पण कारण समजण्यासारखं आहे. आपल्या आतड्यातले जिवाणू चोथ्यावर जगतात आणि त्यातून अशी आम्लं तयार करतात जी आतड्याचं अस्तर मजबूत ठेवतात आणि दाह आवरतात. चोथा मिळाला नाही तर ते उपाशी.

थोडक्यात, फायदा आहे. तो मध्यम आहे, सावकाश आहे, आणि एका पदार्थाचा नाही. अख्ख्या ताटाचा आहे.

येळवशीचं ताट

हे ताट शोधायला भूमध्य सागरापर्यंत जायला नको. येळवस आठवा. मार्गशीर्ष अमावास्या, शेतात कडब्याची कोप, पांडवांची पूजा आणि मग पंगत. काय काय असतं? भज्जी. तिच्यात ओल्या तुरीचे दाणे, हरभरा, वाल, भुईमुगाचे दाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर, ज्याच्या रानात जे असेल ते. बाजरीचे, ज्वारीचे उंडे. मडक्यातली आंबील, लसूण घातलेली. परदेशातले तज्ज्ञ ज्याला दाहशामक जेवण म्हणतात, त्याचे बहुतेक सगळे भाग यात आहेत: अख्खं धान्य, तीन-चार प्रकारची कडधान्यं, पालेभाजी, तेलबिया, ताक.

आंबवलेल्या पदार्थांबद्दल एक सांगते. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात 36 निरोगी लोकांवर दहा आठवड्यांचा छोटा प्रयोग झाला, 2021 मध्ये छापून आला. दही आणि तसे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या रक्तातली दाहाची 19 प्रथिनं घटली. त्यांनी आंबील तपासली नव्हती, म्हणून आंबिलीच्या नावानं दावा करणार नाही. पण घरचं ताजं ताक रोज जेवणात असावं, एवढं नक्की म्हणेन.

आता प्रश्न असा, की येळवस वर्षातून एकदा येते. उरलेल्या 364 दिवसांत ताटात काय असतं?

खरीप आला की आपल्याकडं नजर जाईल तिथं सोयाबीन. पूर्वी त्याच रानात ज्वारी, तूर, मूग, उडीद, मटकी, हुलगा, बांधाला तीळ, कारळं, अंबाडी असायची. सोयाबीन पैसा देतं, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण ते आपल्या ताटात येत नाही. ते मिलला जातं, पेंड कोंबड्यांना-जनावरांना जाते, आणि तेल पिशवीतून परत आपल्याकडं. तुरीच्या डाळीला मात्र दुकानात पैसे मोजायचे. मग डाळ पातळ होते. 1972 च्या दुष्काळातल्या मिलोची आठवण सांगणारी माणसं अजून आहेत. तेव्हा धान्यच नव्हतं. आज पोट भरतं, पण ताटातली विविधता गेली. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी भात, मुलांच्या हातात कुरकुऱ्यांचं पाकीट, दिवसभरात पाच चहा.

चहाचा हिशेब करू. दोन चमचे साखरेचे पाच चहा म्हणजे दहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण सहा चमच्यांच्या आत असलेली चांगली. म्हणजे बाकी गोड काही न खाता आपण चहातच हद्द ओलांडली.

पथ्य करता करता उपास

आता थोडं नाजूक बोलते. दुखणं आलं की आपल्याकडं पहिल्यांदा काय होतं? पथ्य. वांगं वातूळ, हरभरा वातूळ, डाळ वातूळ, आंबट बंद, ताक बंद. शेवटी त्या मावशीच्या ताटात राहतं काय? भाकरी आणि चटणी, नाहीतर भात आणि पातळ वरण.

त्यात घरातली रीत. आधी पुरुष, मग मुलं, मग म्हातारी माणसं, शेवटी ती. तोवर पातेल्यात रस्सा असतो, फोडी संपलेल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या आकड्यांत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय आहे. रक्त कमी असलं की अंग दुखतं, पाय ओढल्यासारखे होतात, थकवा जात नाही. प्रथिनं कमी पडली की मांडीचे स्नायू झिजतात, आणि गुडघा सांभाळतात ते हेच स्नायू. म्हणजे दुखण्यासाठी पथ्य केलं आणि पथ्यानं दुखणं वाढवलं, असं होऊ शकतं.

वांगं, टोमॅटो, बटाटा खाल्ल्यानं सांधे दुखतात याला चांगला पुरावा नाही. तरी तुम्हाला अनुभव असेल, तर मी वाद घालणार नाही. तीन आठवडे ती एकच वस्तू बंद करा, मग परत खाऊन बघा. फरक पडला तर सोडा, नाही पडला तर खा. पण पाच वस्तू एकदम आणि कायमच्या बंद करू नका. हा आहार मुख्यतः काय वाढवायचं ते सांगतो.

आणि वजन कमी करा हा सल्ला सगळ्यांना नाही. धाराशिव शहरात दुकानात बसून काम करणाऱ्या काकांना तो लागू असेल. उसाच्या फडावर जाऊन आलेल्या, चाळीस-पंचेचाळीस किलोच्या ताईला तो सांगणं म्हणजे क्रूरपणा. तिला जास्त खायला हवं, त्यात डाळ हवी, अंडं चालत असेल तर अंडं हवं, आणि विश्रांती हवी.

मग रोज काय खायचं

भाकरी ज्वारीची किंवा बाजरीची. ज्वारीत जादू नाही. अख्ख्या गव्हाच्या, न चाळलेल्या पिठातही चोथा जवळपास तेवढाच असतो. मैदा आणि पांढरा तांदूळ यांत मात्र तो फार कमी. तेव्हा भांडण गव्हाशी नाही, बिस्किट-पाव-खारीशी आहे.

डाळ किंवा उसळ दोन्ही वेळा, घट्ट. मटकी, मूग, चवळी. हुलगे मिळाले तर माडगं, शेंगोळे करा. येसर आमटी करता तेव्हा तिच्यात नुसता येसर नको, डाळ पण घाला.

पालेभाजी रोज एक. मेथी, करडईची कोवळी भाजी, अंबाडी, तांदुळजा, शेवग्याचा पाला. पावसाळ्यात रानात घोळ उगवते, तिला कुठं चिगळ म्हणतात. खुरपताना आपण ती फेकतो. तिच्यात वनस्पतीतलं ओमेगा-3 असतं.

जवस. एक मोठा चमचा जवसाच्या कुटात साधारण दीड ग्रॅम ओमेगा-3 मिळतं. अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात, म्हणून भाजून कुटायचे. चटणी थोडी थोडी करायची, जुनी झाली की खवट लागते. माशातलं ओमेगा-3 जास्त प्रभावी असतं, जवसातल्याचा फार थोडा भाग शरीर तसा बदलून घेतं, हेही खरं. जे मासे खातात त्यांनी आठवड्यातून दोनदा खावेत, तळून नाही, रश्श्यात.

तेल. करडईच्या तेलात ओमेगा-6 असतं म्हणून ते दाह वाढवतं, असं समाजमाध्यमांवर फिरतं. अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. करडई, शेंगदाणा, जे घरात असेल ते वापरा, बेतानं. तळलेलं तेल मात्र परत परत तापवू नका.

फळ म्हणजे सफरचंदच नाही. पेरू, बोरं, सीताफळ, चिंच, आवळा, जांभूळ. बांधावरची फळं आहेत ही, फुकटातली.

आणि कुंथलगिरीचा पेढा, आपल्याकडचे खव्याचे गुलाबजाम? सणावाराला खा, आनंदानं खा. रोजचा चहा अर्धा साखरेचा केलात तर वर्षात जेवढी साखर वाचेल, तिच्यापुढं सणाचे दोन गुलाबजाम काहीच नाहीत.

हळदीचं काय?

हळदीतला कर्क्युमिन हा घटक दाह कमी करतो, गुडघेदुखीवर त्याचे छोटे प्रयोग झालेत, काहींत बरा गुण दिसला. पण हळदीत तो साधारण तीन टक्के असतो. चमचाभर, म्हणजे तीन ग्रॅम हळदीत नव्वद मिलिग्रॅम. प्रयोगांत पाचशे ते हजार मिलिग्रॅम आणि त्याहून जास्त अर्क वापरतात. शिवाय तो नुसता नीट शोषला जात नाही. म्हणून भाजीत हळद, मिरी, तेल हे आपलं जुनं मिश्रण उत्तम, पण पेलाभर हळदीच्या दुधानं गुडघा बरा होईल ही अपेक्षा नको. आणि मिरीचा अर्क घातलेल्या महागड्या हळदीच्या गोळ्या मनानं सुरू करू नका. त्यांनी काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.

गोळ्या आणि पुड्या

फडावर, रोजंदारीवर जाणाऱ्यांना मी कळकळीनं सांगते. दुखण्याची गोळी उपाशीपोटी रोज घेणं पोटात व्रण करतं. उन्हात घाम गाळत, पाणी न पिता, रोज घेणं मूत्रपिंडाला मारतं. गोळी वाईट नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरती, जेवण करून, पाणी पिऊन घ्या.

दुसरं, यात्रेत, बाजारात मिळणारी पुडी. "वनस्पतीची आहे, साइड इफेक्ट नाही." दोन दिवसांत सगळं दुखणं गायब झालं तर खुश होऊ नका, शंका घ्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. त्यानं चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. बरेच महिने घेत असाल तर एकदम थांबवूही नका, त्यानंही धोका होतो. पुडी हातात घेऊन डॉक्टरांकडं जा.

आणि काही दुखणी आहाराची वाट बघत नाहीत. सकाळी हातापायांची बोटं तासभर आखडलेली राहतात, छोटे सांधे दोन्हीकडं सुजतात, असं सहा आठवडे चाललंय, तर जिल्हा रुग्णालयात तपासणी करा. तो आमवात असू शकतो. वेळेवर औषध सुरू झालं तर बोटं वाकडी होत नाहीत. एकच सांधा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला. कंबर दुखता दुखता पाय लुळा पडायला लागला किंवा लघवीवरचा ताबा गेला. विनाकारण वजन उतरतंय. तर त्याच दिवशी दवाखाना. चिकनगुन्यानंतरचं सांधेदुखणं महिनोन् महिने राहू शकतं, 2006 च्या साथीत मराठवाड्यानं ते भोगलं आहे. तिथंही आहार जोडीला, इलाज डॉक्टरांचा. आणि ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी डाळी-पालेभाज्या वाढवण्याआधी विचारून घ्यावं.

एक एकर

शेवटी एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वात मोलाची वाटते. 1993 च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या पुनर्वसनात बायकांना पुढं आणणारी स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था, प्रेमा गोपालन यांनी उभी केलेली. पुढं दुष्काळाच्या वर्षांत याच संस्थेनं आपल्या भागातल्या बायकांबरोबर एक साधी गोष्ट केली. घरच्या शेतातला अर्धा-एक एकर बाईनं मागून घ्यायचा, आणि त्यात नगदी पीक न घेता खायचं पीक घ्यायचं. ज्वारी-बाजरी, तूर, मूग, भाज्या, घरचं बी, कमी पाणी. आधी घरात खायचं, उरलं तर विकायचं. 2017 मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

ते काम हवामान बदलासाठी, पाण्यासाठी म्हणून ओळखलं जातं. मला त्यात आरोग्याचा सल्ला दिसतो. कारण मी हजार वेळा "ताई, डाळ खा, पालेभाजी खा" म्हटलं आणि घरात डाळ विकतची, भाजी आठवडी बाजारातली असेल, तर माझा सल्ला महागाईला हरतो. रानात तुरीची चार तासं आणि परसात शेवगा असेल तर तो टिकतो. आणि त्या एकराचा निर्णय बाईच्या हातात असेल, तर ताटात काय वाढायचं याचाही थोडा तिच्या हातात येतो.

शेत नसेल तर परसात अंबाडी, मेथी, शेवग्याचं एक झाड लावा. तेही नसेल तर एवढंच करा: आज रात्री जेवताना घरातल्या सगळ्यांची ताटं एकाच वेळी वाढा, आणि जिचे गुडघे दुखतात तिच्या ताटात डाळीची पळी तळापासून ढवळून घाला. बारा आठवडे करून बघा. दुखणं किती कमी झालं ते मला कळवा, नाही झालं तरी कळवा.

पुढच्या भागात गुडघ्यासाठीचे घरच्या घरी करता येणारे व्यायाम बघू. तोवर काळजी घ्या. नमस्कार.